‘खुकरी’ पुन्हां पाण्यावर

कोल्हापुराहून पुण्याच्या वाटेनें निघालें म्हणजे हातकणंगलें तालुक्यांत पेठ वडगांव लागतें. गांव बाजाराचें; तें त्याच्या नांवावरूनच कळतें. परंतु मराठ्यांच्या इतिहासांत त्याचें स्मरण होतें तें तेथील एका समाधीमुळें. संताजी घोरपड्यांच्या जोडीनें ज्यांनीं औरंगजेबाच्या छावण्यांची झोंप उडविली, ते सेनापति धनाजी जाधव १७०८ सालीं या वडगांवीं वारले आणि त्यांची समाधि तेथेंच झाली. ज्या पुरुषाचें सारें आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेलें, ज्याचा आज मुक्काम कोठें आणि उद्यां कोठें याचा थांग मोंगलांस लागत नसे, त्याचा शेवटचा मुक्काम मात्र तीन शतकें उलटल्यावरहि बोट दाखवून सांगतां येतो.

समाधि गेलेल्यासाठीं बांधतात असें म्हणतात. तिचा उपयोग मात्र मागें राहिलेल्यांस. दुःखाला उभें राहण्यास हातभर जागा मिळाली म्हणजे तें कांहींसें आवरतें. तेथें फूल वाहतां येतें, दिवा लावतां येतो, नातवंडांस नेऊन ‘हे आपले’ असें सांगतां येतें. जेथें ही हातभर जागाहि मिळत नाहीं तेथें घरच्यांनीं काय करावें, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच विचारला जातो. कारण लढाईचा वृत्तांत रणांगणापाशीं संपतो आणि हा प्रश्न घराच्या उंबरठ्यापाशीं सुरू होतो.

याच मुलखाच्या राजघराण्यावर १८७० सालीं एक विलक्षण प्रसंग ओढवला होता. करवीरचे छत्रपति राजाराम महाराज इंग्लंडचा प्रवास आटोपून परत येत असतां ३० नोव्हेंबर रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं वारले. वय अवघें वीस वर्षांचें. आर्नो नदीला जेथें मुन्योने नांवाचा ओढा मिळतो तेथें, परक्या आकाशाखालीं, हिंदु रीतीनें त्यांचें दहन झालें. पुढें १८७४ सालीं त्याच ठिकाणीं छत्री उभारून तिच्याखालीं त्यांचा अर्धपुतळा बसविण्यांत आला. घर हजारों कोस दूर. पण अग्नि मिळाला, जागा मिळाली आणि नदीचा संगमहि मिळाला. यापुढें आणखी एक गोष्ट घडली. शाहू छत्रपतींच्या पुत्राचें नांव राजाराम असें ठेवलें गेलें, आणि १९२२ पासून १९४० पर्यंत त्या नांवाचा राजा कोल्हापुरच्या गादीवर होता. आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची जी रीत आपल्या घराघरांत आहे, तिचेंच हें थोर घरांतील रूप. मनुष्य परदेशांत राहिला, नांव घरीं परत आलें.

याच्या उलट पानिपत. १४ जानेवारी १७६१ च्या त्या संहारानंतर सदाशिवरावभाऊंचें म्हणून एक प्रेत सांपडलें, त्याचें दहनहि झालें. तथापि तें खरोखर भाऊसाहेबांचेंच होतें काय, हा संशय पुण्यास कायम राहिला. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं पतीचें मरण शेवटपर्यंत मानलें नाहीं. १७८३ सालीं त्या वारल्या तोंवर, म्हणजे बावीस वर्षें, त्यांनीं सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत. जगानें याला वेडी आशा म्हणावें. पण ती आशा एकट्या पार्वतीबाईंची नव्हती. ‘मीच भाऊ’ असें सांगणारा एक तोतया पुढें आला, तेव्हां त्याच्यामागें सहस्रावधि माणसें लागलीं. १७७६ सालीं तर त्यानें कोंकणांतील किल्लेहि घेतले. अखेर तो आंग्र्यांच्या हातीं सांपडला आणि पुण्यास त्याला देहान्त शासन झालें. राजकारणाचा इतिहास लिहिणारे या प्रकरणांत पेशवाईंतील फितुरी पाहतात, आणि ती होतीच. परंतु तोतयाला इतके लोक कां मिळाले, याचें अर्धें उत्तर तरी हें आहे कीं ज्या घरांतून मनुष्य गेला आणि ज्याचें प्रेतहि कोणीं डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, त्या घरास तोतयावर विश्वास ठेवण्याची इच्छा असते.

ही अडचण धर्मशास्त्रानें ओळखली होती. देह न मिळाल्यास पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नि द्यावा, असा पालाशविधि त्यासाठींच सांगितला आहे. इंग्रजी अमलांत आलेल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें सात वर्षांची मर्यादा घातली. तितक्या काळांत ज्याची वार्ता नाहीं, तो मेला असें धरावें. शास्त्र आणि कायदा दोघेहि निश्चय देऊं शकतात. जागा मात्र दोघांसहि देतां येत नाहीं.

जमिनीवर ही स्थिति, तर समुद्रावर काय असेल? कोल्हापूर हें घाटावरचें शहर असल्यामुळें त्याचा समुद्राशीं संबंध नाहीं, अशी आज समजूत होण्याजोगी आहे. वस्तुतः सिंधुदुर्ग आणि मालवण हीं १८१२ च्या तहापर्यंत करवीरकरांकडे होतीं आणि तेथील आरमार त्यांच्याच निशाणाखालीं फिरत असे. १७६५ सालीं इंग्रजांनीं सिंधुदुर्ग घेतला तोहि करवीरकरांपासूनच, आणि पुढल्या वर्षीं परत केला तोहि त्यांसच. त्या आरमाराच्या गलबतांवर गेलेल्या भंडारी, गाबित आणि कोळी माणसांपैकीं किती बुडालीं, याचा हिशेब कोठें राहिला नाहीं. शिपाई पडला तर निदान लढाईच्या गांवाचें नांव घरीं येतें. दर्यावर्दी बुडाला तर ज्या पाण्यांत तो बुडाला तें पाणीहि दुसऱ्या दिवशीं तेथें नसतें.

हा सर्व पूर्वेतिहास ध्यानांत ठेवला म्हणजे २३ ऑगस्ट १९८९ रोजीं मुंबईस जो समारंभ झाला, त्याचें मर्म कळणें सोपें जाईल. त्या दिवशीं भारतीय नौदलांत ‘खुकरी’ नांवाची युद्धनौका दाखल झाली. दाखल करून घेणाऱ्यांत एक होते तेव्हांचे संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत; आणि दुसऱ्या होत्या श्रीमती सुधा मुल्ला, याच नांवाच्या पूर्वीच्या नौकेसह समुद्रांत गेलेल्या कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्या पत्नी.

पहिली खुकरी इंग्लंडांत वाइट बेटावरील काउझ येथें बांधलेली. १९५६ सालीं ती पाण्यांत उतरली आणि १९५८ च्या जुलैंत आपल्या नौदलांत आली. खुकरी, किरपाण आणि कुठार अशा तीन बहिणी होत्या. तिघींचीं नांवें शस्त्रांचीं, आणि तिघींचें काम एकच, पाणबुड्यांचा शोध घेऊन त्यांचा नाश करणें. १९७१ च्या डिसेंबरांत पाकिस्तानशीं युद्ध जुंपलें. सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत शत्रूची पाणबुडी वावरत असल्याचा सुगावा लागतांच ८ तारखेस या नौकांस तिकडे धाडण्यांत आलें. कुठार बिघाडामुळें मुंबईंतच राहिली. खुकरी आणि किरपाण या दोघीच गेल्या. पाणबुडीचें नांव ‘हंगोर’. तिची बांधणी नवी फ्रेंच, कान तीक्ष्ण. खुकरीचीं ध्वनिशोधक यंत्रें तिच्यापुढें थिटीं. शिकाऱ्यालाच शिकार व्हावें लागेल अशी ही विषम झुंज होती, हें आज शांतपणें पाहणाऱ्यास दिसतें.

९ डिसेंबरच्या रात्रीं दीवपासून सुमारें चाळीस सागरी मैलांवर हंगोरचा पहिला पाणतीर किरपाणवर सुटला, तो फुकट गेला. दुसरा खुकरीस लागला. थोड्या मिनिटांत नौका बुडाली. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीनें बुडविलेली ही जगांतील पहिली युद्धनौका. कॅप्टन मुल्ला यांनीं नौका सोडण्याचा हुकूम दिला, शक्य तितक्या लोकांस पाण्यांत उतरविलें, स्वतःचें प्राणरक्षक साधन एका खलाशास दिलें, आणि आणखी कोणाची सुटका करतां येते कीं काय हें पाहण्यास ते परत वर गेले. नौकेबरोबर जात असतां ते शेवटचे दिसले. त्यांस मरणोत्तर महावीरचक्र मिळालें. दुसऱ्या दिवशीं ‘कचाल’ नौका तेथें पोंचली आणि ६७ जण हातीं लागले. १८ अधिकारी व १७६ खलाशी परत आले नाहींत.

एकशें चौऱ्याण्णव ही संख्या उच्चारण्यास सोपी आहे. तिचा अर्थ एकशें चौऱ्याण्णव घरें असा घेतला पाहिजे. तीं घरें एका प्रांतांतलीं नव्हतीं. नौदल हें सर्व देशाचें. कोणाच्या दारीं तार गेली असेल, कोणाच्या दारीं माणूस, वार्ता एकच. दाखवावयास देह नाहीं, न्यावयास रक्षा नाहीं, आणि ज्या जागीं मृत्यु झाला तेथें जाणें म्हणजे भर समुद्रांत जाणें. पार्वतीबाईंना निदान पानिपत हें नांव तरी होतें.

आतां युद्धनौका ‘दाखल’ होते म्हणजे काय, हें थोडें सांगितलें पाहिजे. कारण जहाजाचे दोन जन्म असतात आणि त्यांत पुष्कळदां घोटाळा होतो. पहिला जन्म गोदींत. सांगाडा पुरा झाला म्हणजे अथर्ववेदांतील मंत्र म्हणून एखाद्या स्त्रीच्या हस्तें नौका पाण्यांत सोडतात. तें जलावतरण. तेव्हां ती केवळ लोखंडाचें कवच असते. आंत तोफ नाहीं कीं खलाशी नाहींत. पुढें दोनतीन वर्षें यंत्रें बसतात, चाचण्या होतात, आणि मग जो समारंभ होतो त्यास नौदलांत कमिशनिंग म्हणतात. मानवंदना होते. पहिला कप्तान आपली नेमणूक करणारी आज्ञा सर्वांसमक्ष वाचून दाखवितो. राष्ट्रगीत होतें, नौकेवर नौदलाचा ध्वज प्रथमच चढतो आणि डोलकाठीच्या टोंकाला एक लांब अरुंद पताका सोडतात. ती पताका नौकेच्या सेवेच्या अखेरच्या दिवसापर्यंत उतरत नाहीं. येथून ती नौका हें राज्याचें अंग ठरतें. तोंवर ती गोदीची मालमत्ता असते. एखाद्या मुलाच्या बारशाहून या प्रसंगाचें साम्य मुंजीशींच अधिक.

गेलेल्यांच्या आप्तांस अशा प्रसंगीं बोलाविण्याची चाल आपल्याच देशांतली आहे असें नव्हे. १९४२ च्या नोव्हेंबरांत ग्वाडलकनालजवळ अमेरिकेची ‘जूनो’ ही क्रूझर बुडाली, तिच्यावर सलिव्हन नांवाचे पांच सख्खे भाऊ होते, पांचहि गेले. अमेरिकेनें एका विनाशिकेस ‘द सलिव्हन्स’ असें नांव दिलें आणि ४ एप्रिल १९४३ रोजीं त्या पांचांच्या आईच्याच हस्तें ती पाण्यांत सोडविली. पुत्रांचा मृत्यु आणि जहाजाचें जलावतरण यांत पुरे पांच महिनेहि गेले नव्हते. युद्ध चालू होतें, आणि सरकारला त्या आईच्या दुःखाचा लोकांस धीर देण्यासाठीं उपयोग करून घ्यावयाचा होता, हें नाकारतां येत नाहीं. अशा समारंभांत शोक आणि राजकार्य एकमेकांत मिसळलेलीं असतात. तीं निवडून वेगळीं काढणें कठीण.

खुकरीच्या बाबतींत मध्यें सतरा वर्षें आणि आठ महिने गेले. १९७१ सालीं पाळण्यांत असलेलें मूल एवढ्या काळांत नौदलांत भरती होण्याच्या वयास येतें. नवी नौका परक्या देशांतून आली नाहीं. तिचा आराखडा येथला, बांधणी माझगांवच्या गोदींतली. १९८६ च्या डिसेंबरांत ती पाण्यांत उतरली होती. लांबी जुनीच्या जवळपास, सुमारें ९१ मीटर. पण हातांत आतां क्षेपणास्त्रें. तिच्या मागोमाग १९९० सालीं कुठार आणि १९९१ सालीं किरपाण आल्या. ज्या तीन बहिणींपैकीं एक गेली होती, त्या तिघींचींहि नांवें अशा रीतीनें पुन्हां पटावर आलीं. चौथी खंजर ही १९९१ सालीं त्यांस येऊन मिळाली.

बुडालेल्या जहाजाचें नांव नव्या जहाजास देणें अशुभ नव्हे काय, अशी शंका कोणासहि येईल. दर्यावर्दी लोक शकुन मानण्यांत इतरांच्या पुढें असतात. पण नौदलांची रीत याच्या उलट आहे, आणि ती विचार करण्यासारखी आहे. कप्तानाचें नांव सर्वांस ठाऊक असतें; बॉयलरपाशीं, दारूगोळ्याच्या कोठारांत, स्वयंपाकघरांत जे गेले त्यांचीं नांवें त्यांच्या गांवाबाहेर कोणास ठाऊक नसतात. नव्या नौकेस ‘मुल्ला’ असें नांव दिलें असतें तर एका वीराचा सन्मान झाला असता. ‘खुकरी’ या नांवावर मात्र १९४ घरांचा सारखाच हक्क आहे. एखाद्या शिपायाच्या वृद्ध पित्यानें त्या नांवाची बातमी वृत्तपत्रांत वाचली, तर तीहि त्याच्याच मुलाची बातमी. वडगांवची समाधि एका सेनापतीची आहे. त्याच्याबरोबर दौडलेल्या राउतांच्या समाध्या कोणीं बांधल्या नाहींत. समुद्रानें कोणासच समाधि दिली नाहीं, म्हणून सर्वांस मिळून एक नांव आलें.

या समारंभाची दुसरी एक बाजू महाराष्ट्रांतील गृहिणींच्या अधिक लक्षांत येईल. नवी वस्तु, नवें घर, नवा आरंभ, कोणताहि मंगल प्रसंग असो. तेथें विधवेनें पुढें यावयाचें नाहीं, ओटी भरावयाची नाहीं, ओवाळावयाचें नाहीं, अशी रूढि पिढ्यान् पिढ्या चालत आली. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं आपल्या संस्थानांत विधवाविवाहाचा कायदा केला तरी हळदीकुंकवाचें तबक तिच्यापुढून वळवून नेणारा हात त्या कायद्यानें थांबला नाहीं. पेठ वडगांवच्या शेजारीं शिरोळ तालुका आहे. त्यांतील हेरवाड या गांवच्या ग्रामसभेनें बांगड्या फोडणें, कुंकू पुसणें, मंगळसूत्र काढून घेणें या प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो २०२२ च्या मे महिन्यांत, आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनें तो इतर गांवांपुढें कित्ता म्हणून ठेवला. म्हणजे असा ठराव करण्याची गरज तोंवर शिल्लक होती.

मुंबईंत मात्र १९८९ सालीं एका युद्धनौकेच्या अत्यंत मंगल घडीला विधवेस अग्रभागीं बोलाविण्यांत आलें होतें. तिला सहन करून घ्यावें म्हणून नव्हे, तर तो अधिकार इतर कोणाहीपेक्षां तिचा आहे म्हणून. नौदलानें हें समाजसुधारणेच्या हेतूनें केलें असेल असें वाटत नाहीं. त्यांच्या दृष्टीनें तो साधा सैनिकी न्याय होता. परंतु जी गोष्ट गांवच्या सभेस कागदावर लिहून घ्यावी लागली, ती तेथें न लिहितां घडली.

तथापि त्या सन्मानाचें मोलहि कमी नव्हतें. ज्या स्त्रीचा पति त्या नांवाच्या नौकेवर गेला, तिच्याच साक्षीनें तें नांव पुन्हां लिहिलें जावयाचें आणि त्याखालीं दुसऱ्यांचे पति, दुसऱ्यांचे पुत्र रांगेनें उभे राहावयाचे. समारंभास नव्या खलाशांच्या घरचीं माणसेंहि येत असतात. नटूनथटून, मुलांस खांद्यावर घेऊन. त्यांच्या दृष्टीनें तो दिवस उत्सवाचा. एकाच मांडवांत एका रांगेस ठाऊक असतें कीं या नांवाचें पूर्वी काय झालें. दुसऱ्या रांगेस तें ठाऊक असूनहि त्या दिवशीं आठवावयाचें नसतें. दोन्ही रांगांस राष्ट्रगीताला एकदमच उभें राहावें लागतें. त्या वेळीं चढलेल्या ध्वजावर अजून इंग्रजी आरमाराची आठवण देणारा तांबडा क्रूस होता. शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृति नौदलाच्या ध्वजावर आली ती २०२२ सालीं.

नव्या खुकरीचे पहिले कप्तान कमांडर संजीव भसीन. त्यांच्यापासून पुढें बत्तीस वर्षांत अठ्ठावीस अधिकाऱ्यांनीं तिचें आधिपत्य केलें. पश्चिम आणि पूर्व या दोन्ही ताफ्यांत तिनें सेवा केली आणि ६,४४,८९७ सागरी मैल कापले. या कोरड्या आंकड्यांत एक गोष्ट आहे ती सहज नजरेंतून सुटते: प्रत्येक वेळीं ती परत आली. ज्या घरांनीं १९७१ सालीं वाट पाहिली होती, त्यांस याहून मोठी फेड देणें कोणाच्याहि हातीं नव्हतें.

२३ डिसेंबर २०२१ रोजीं विशाखापट्टण येथें सूर्यास्ताच्या वेळीं राष्ट्रध्वज, नौदलाचा ध्वज आणि सेवासमाप्तीची पताका उतरविण्यांत आली. सामान्यतः अशी निवृत्त नौका मोडींत जाते, किंवा तिला लक्ष्य करून तोफा चालवितात. किरपाणच्या नशिबीं वेगळा योग आला. ती २०२३ च्या जुलैंत व्हिएतनामच्या नौदलास देण्यांत आली. खुकरीस दीवला नेण्याचें ठरलें. त्या बेटाच्या एका टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून, १९९९ सालापासून पहिल्या खुकरीची प्रतिकृति कांचेच्या पेटींत ठेविलेली आहे. तेंच त्या १९४ जणांचें स्मारक. दुसरी खुकरी २०२२ च्या जानेवारींत दीवच्या प्रशासनाच्या स्वाधीन झाली, लोकांस पाहतां यावी म्हणून. पहिली खुकरी तेथून सुमारें चाळीस सागरी मैलांवर, पाण्याखालीं आहे.